परत पाठवलेला घास

दोन हजार तेवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, म्हणजे आधार कार्डावर तसं होतं. खरं वय दोन-तीन वर्षं वरच असंल. शाळा दुसरीपर्यंत. पुढं माजलगावच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती उचलली आणि मग मापाडी झालो, म्हणजे आलेलं धान्य मोजून देणारा. आमच्यात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. मोजताना मधी कुणी बोललं तर थांबायचं नाही, आणि पुढंही जायचं नाही. तोच आकडा म्हणत राहायचं, सात, सात, सात, समोरचा गप होईपर्यंत. माझा आवाज मोंढ्याच्या दुसऱ्या टोकाला जायचा आणि माझं माप कधी चुकलं नाही. हे मी आजही कुणालाही छाती ठोकून सांगीन.

त्या सालच्या माघात माझी बायको गेली. सकाळी चहा ठेवला, ओट्याला हात टेकला आणि खाली बसली. तेवढंच.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. माती देऊन आल्यावर सोयरे-शेजारी भाकरी-पिठलं आणतात, त्याला आमच्याकडं कडू घास म्हणतात. घरच्या कर्त्या माणसानं पहिला घास खायचा, मग बाकीच्यांनी. तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मेहुणी, गेवराईकडच्या एका गावात दिलेली. ती रडत रडत भाकऱ्या बडवून, फडक्यात बांधून घेऊन आली होती. तिनं ताट माझ्यापुढं सरकवलं.

"दाजी, एक घास खावा. लोकं खोळंबलेत."

मी म्हणालो, "आमच्या घरातले दाणे संपले न्हाईत अजून."

मुलगा म्हणाला, "आबा, असं काय करायलाव?" मी तोंड फिरवून बसलो. मेहुणीनं ताट ओढून घेतलं. भाकऱ्या परत फडक्यात ठेवल्या, गाठ मारली आणि उठली. पुढं दहाव्याला आली, पण उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही.

मी कावून, म्हणजे का असा वागलो, हे त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं. सांगतो पुढं.

तेरावं झालं आणि मुलगा-सून पुण्याला निघाले. तो तिकडं कंपनीत आहे. "चला आमच्यासंगं," म्हणाला. मी म्हणालो, "मी माझ्या घरात बसतो." त्यानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. पोरगं माझ्यावरच गेलंय.

मग मी एकटा. सकाळी चहा-टोस्ट, रात्री चहा-टोस्ट नाहीतर मुरमुरे. दुपारी काहीच नाही. दुपारचं मी जेवतच नाही, चौतीस वर्षं झाली. लोकांना वाटायचं, काही देवाचं असंल. अंगातला सदरा ढिला व्हायला लागला तसं शेजारीण डबा घेऊन आली. मी दारातूनच परत लावली. आता तोंडात काही घालायचं कशाला, हे मला खरंच कळत नव्हतं. मरायचा विचार करत होतो असं नाही. पण जगायचा पण करत नव्हतो.

घरात तिचा मोबाईल होता. रोगाच्या साली, सगळं बंद होतं तेव्हा सुनेनं घेऊन दिलेला. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हिरव्या चित्रावर दाबायचं, माईक धरून बोलायचं, एवढं ती दोन दिवसांत शिकली. तिच्या माहेरगावच्या लेकींचा एक ग्रुप होता. एका गावात जन्मलेल्या आणि कुणी गेवराईला, कुणी आष्टीला, कुणी पाटोद्याला अशा दिलेल्या चाळीसेक बाया. त्यातल्या निम्म्या निरक्षर, म्हणून सगळा कारभार आवाजाचा. सकाळपासून त्या डबड्यात कलकलाट चालायचा. मी म्हणायचो, "कोंबड्या भरल्यात का काय त्यात?" ती आवाज बारीक करायची आणि फोन कानाला लावून गच्चीवर जायची. मी म्हणायचो, "जा, टोपलीखाली डालायला जा त्यास्नी."

ती गेल्यावरही फोन टिंग टिंग वाजायचा. बंद करून टाकावा असं रोज मनात यायचं. तरी रोज चार्जिंगला मीच लावायचो.

चैत्रातल्या एका दुपारी मी ते हिरवं चित्र दाबलं. नुसतं बघायला. एक बाई शेळी व्यायल्याचं सांगत होती. दुसरी सुनेची कागाळी सांगत होती. मी बोटानं वर वर सरकवत गेलो. एका ठिकाणी बायकोचा गोल फोटो दिसला, सुनेनं काढलेला, पदर घेतलेला. दाबलं.

"काय गं बायांनो, जेवलात का?"

फोन मांडीवर पडला आणि ती मांडीवरून बोलत राहिली.

पुढचे दहा-पंधरा दिवस मी दुसरं काही केलं नाही. सकाळी खाटेवर बसायचो आणि ती सापडंल तिथं ऐकायचो. ही बाई मला ठाऊकच नव्हती. घरात ती हो-नाही एवढंच बोलायची. तिथं खळखळून हसायची. एकीनं विचारलं, "अक्के, दाजी काय करायलेत?" ही म्हणाली, "बसलेत की पेपर घिऊन. चित्रं बघून झाली, आता उलटा धरून बघायलेत." चाळीस बाया माझ्यावर हसल्या. मला असा राग आला की मी फोन डब्यात टाकून झाकण लावलं. दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी डबा उघडला.

आणि मग ते सापडलं. तीन वर्षांपूर्वीचं, वैशाखातलं.

"आज तिचा दिवस हाय गं. हे खाली बसलेत म्हनून मी गच्चीवर आलेय. आज भाकऱ्या करताना हात चालंना. त्या दिवशी भाकऱ्यांना उशीर झाला म्हनून मीच तिला म्हनलं, पळत जा. डबा मीच दिला तिच्या हातात. पळत जा म्हनलं मी."

आमची थोरली लेक. नऊ वर्षांची होती. तेव्हा आम्ही कालव्याच्या पलीकडं राहायचो आणि ती कालव्याच्या कडंनं माझी दुपारची भाकरी मोंढ्यात आणून द्यायची. उन्हाळ्याची पाण्याची पाळी सुटलेली, कालवा भरून वाहत होता. पाणी प्यायला वाकली का हात धुवायला, कुणी बघितलं नाही. पुढं दोन कोसांवर सापडली. त्या दिवशी कडू घास घेऊन माझा सासरा आला होता. भरल्या माणसांत म्हणाला, "डबा आनायला नऊ वर्षाची पोरगीच सापडली का तुमाला?" मी तेव्हाच ठरवलं, सासरच्या माणसांचा दाणा तोंडात घालायचा नाही, आणि या पोरीचं नाव माझ्या घरात निघायचं नाही. बायको कधी काढायला लागली की मी उठून जायचो. एकदा ताट भिरकावलं. मग तिनं काढलं नाही. मागनं झालेल्या मुलाला सुद्धा बहीण होती एवढंच माहीत, नाव मामाकडून कळलं.

एकतीस वर्षं तिनं ते गिळलं आणि मग त्या डबड्यात ओतलं. बाया एकेक करून तिला बोलत होत्या.

"अक्के, तू म्हनली नसतीस तरी पोरं पळतातच."

"रड, पोटभर रड. आमी हावोत. कुनी ऐकना झालं तरी आमी ऐकायलोत."

एक जरा दमानं बोलणारी होती, दवाखान्यात सिस्टर आहे. ती म्हणाली, "अक्का, इतक्या वर्षांची झोप न्हाई हे साधं न्हाई. बीडला मनाचे डॉक्टर हायत. लाज कसली त्यात? मी येते संगं."

म्हणजे ती जी महिन्याला बीडला जायची, ती डोळ्यांसाठी नव्हे. मला डोळे सांगितलं होतं. मी विचारलं होतं, "चष्मा लागला का?" ती म्हणाली होती, "न्हाई, गोळ्या दिल्यात." डोळ्याला गोळ्या कशा, एवढंही मी पुढं विचारलं नाही. त्यानंतर ती बरी झोपायला लागली होती, हे मात्र आता आठवतं. सकाळी कधी कधी गुणगुणायची. मला वाटायचं, म्हातारी झाली, चळली.

गुजराण झाली तिची त्या बायांवर. मी चार पावलांवर बसलेला असून.

पण तिची एक गोष्ट सुटत नव्हती. दर साली त्या दिवशी तीच. भाकऱ्यांना उशीर झाला. पळत जा म्हनलं. मी डबा दिला. बायांनी कितीदा समजावलं, तेवढा अर्धा भार उतरायचा आणि अर्धा राहायचा. तो अर्धा त्यांच्याच्यानं उतरण्यासारखा नव्हता. तो माझ्याकडं होता. मी ते ऐकायचो आणि खाटेच्या दोरीत बोटं घालून बसायचो.

ग्रुपवर रोजचं चालूच होतं. त्यात एक नवीन निघालं होतं. मेहुणी रोज सकाळी काहीतरी रांधायचं सांगायची. इतकं बारकाईनं की पाच वर्षांच्या पोरीला सांगावं. "तांदूळ दोनदा धुवावा. वरून बोटाची दोन पेरं पानी ठेवावं. तीन शिट्या झाल्या की गॅस बंद. शिट्या मोजायच्यात नुसत्या, मोजनं काय अवघड न्हाई." दुसऱ्या दिवशी पिठल्याचं. तिसऱ्या दिवशी, गॅसची नळी रात्री बंद करावी म्हणून. मला वाटलं, त्यांच्यात कुणी नवी नवरी असंल. मी आपला चोरून ऐकून करून बघू लागलो. पहिला भात लगदा झाला, दुसरा बरा झाला. कुणाचं काही घेतलं नाही, आपल्या घरातले तांदूळ आणि आपला गॅस, असं मी मनाशी म्हणायचो. एकदा ती म्हणाली, "ज्याला दुपारी जेवन चालत न्हाई त्यानं निदान ताक घ्यावं, उन्हाळा हाय." मला वाटलं, कुणाचा उपास असंल. पण मी ताक प्यालो.

मग वैशाखातला तो दिवस आला.

सकाळपासून फोन वाजला नाही. चाळीस बाया आणि एकही आवाज नाही. मी दोन-तीनदा बघितलं, बिघडला का म्हणून. उन्हं कलल्यावर मेहुणीचा एक आवाज आला.

"आज अक्का बोलायची. आज कुनी बोलू नका गं. आज त्या घरची पाळी हाय."

मी घरभर फिरलो. घर दोन खोल्यांचं, फिरायला किती लागतं. पाणी प्यालो. मग फोन घेऊन गच्चीवर गेलो, ती जायची तशी. माईकवर अंगठा ठेवला आणि उचलला. परत ठेवला. मोंढ्याच्या दुसऱ्या टोकाला जाणारा माझा आवाज, तो बाहेरच येईना.

मग मी लेकीचं नाव घेतलं. चौतीस वर्षांनी. तोंडाला वळत नव्हतं. आणि जे बायकोला सांगितलं नाही, सासऱ्याला नाही, देवापुढं नाही, ते त्या काचेपुढं सांगितलं.

त्या दिवशी ज्वारीच्या गाड्या लागल्या होत्या. दुपारी एक हमाल आला, हातात आमचं डब्याचं फडकं. म्हणाला, "हे तुमचंच दिसतंय, कालव्याच्या कडंला होतं ठिवलेलं." मी म्हणालो, कार्टी खेळायला गेली डबा टाकून, येऊ दे घरी, बघतो तिच्याकडं. आणि मी ते फडकं सोडलं आणि जेवलो. दोन भाकरी आणि ठेचा. भूक लागली होती. हात धुतले, पोत्यांच्या थप्पीला पाठ लावून जरा पडलो. मग दोन गाड्या मोजल्या. लाभ, दोन, तीन. मग कुणीतरी पळत आलं.

पोरगी पाण्यात होती तेव्हा मी तिनं आणलेली भाकरी खात होतो. फडकं बघितल्याबरोबर उठलो असतो तर, हे मी रोज दुपारी मोजतो आणि रोज तिथंच अडकतो. सगळ्यांना वाटतं, कळल्याबरोबर मी धावलो. तो हमाल पण आता नाही. उशीर तिच्या आईनं केला नव्हता. उशीर मी केला.

एवढं बोलून अंगठा उचलला. सूं असा आवाज होऊन ते गेलं. परत घेता येतं म्हणतात, मला येत नाही, आणि येत असतं तरी.

मी गच्चीच्या कठड्याला धरून उभा. वाटलं, आता त्या बाया थुंकतील, आणि बरोबरच आहे.

मग मेहुणीचा आवाज आला. रडून घसा बसलेला.

"दाजी, हे अक्काला सांगायचं होतं ओ. आमाला कावून सांगायलाव? ती मेल्यावर?"

मी तो आवाज परत एकदा ऐकला.

थोड्या वेळानं परत तिचाच आवाज. "तुमी ऐकता ते आमाला पहिल्या दिवसापासून म्हाईत हाय. आवाज कुनी कुनी ऐकला ते फोनमधी दिसतं. अक्काच्या नावापुढं निळी निशानी आली तवा मी घाबरून खालीच बसले. मग पोरगी म्हनली, आई, ते काका असतील."

मग एक हसली. "नायतर भाताला दोन पेरं पानी कुनाला सांगायलोत आमी, दाजी? इथं सगळ्या नातवंडांच्या बाया हायत."

आणखी एक म्हणाली, "पेपर सरळ धरता का आता?"

त्यांनी ते मला हसवायला म्हटलं असंल. मी कठड्याशी खाली बसलो. महिनाभर या बायांनी मला घास घास करून जेवू घातलं होतं, ज्यांचं ताट मी भरल्या माणसांत परत लावलं होतं. आणि माझी ताठ मान ताठच होती, कारण मला पत्ताच नव्हता.

शेवटी ती दमानं बोलणारी सिस्टर बोलली. "काका, हे अर्ध्या जन्माचं ओझं हाय, आमच्या बोलन्यानं उतरंल असं न्हाई. बीडच्या त्याच डॉक्टरकडं चला. अक्काला आनत होते तशी तुमाला आनीन. डोळ्याचं सांगा लोकास्नी हवं तर."

लोकांना वाटंल, बोलून टाकलं, म्हातारा मोकळा झाला. तसं काही होत नाही. ज्या बाईनं ते ऐकायला पाहिजे होतं तिचा नुसता गोल फोटो राहिला होता आणि तिच्या नावाखालीच माझा आवाज गेला होता. चौतीस वर्षांत एका दुपारी, एका वाक्यात मी तिला सोडवू शकलो असतो. उशीर तुझा नव्हता, एवढंच. माझी मान खाली जाईल म्हणून मी ते दिलं नाही. बायांनी तिला जगवलं. मी तिला तिच्या भाकऱ्यांपाशी उभी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीनं गेवराईकडं निघालो. फाट्यावर उतरून मेहुणीच्या घरापर्यंत चालत गेलो. ती अंगण झाडत होती. मला बघून तिनं पदर डोक्यावर घेतला आणि खराटा तसाच धरून उभी राहिली.

मी ओट्यावर बसलो. म्हणालो, "तो घास राहिलाय माझा."

"तीन महिने झाले दाजी," ती म्हणाली. "शिळा झाला की."

"असू दे."

ती आत गेली. पीठ चाळल्याचा आवाज आला, मग भाकरी थापल्याचा. तिचा नवरा, सून, नातवंडं येऊन भिंतीला टेकून बसली. तिनं पिठलं-भाकरीचं ताट माझ्यापुढं ठेवलं आणि बाकीच्यांची ताटं मांडली, पण कुणी हात लावला नाही. मी सुरू केल्याशिवाय ते लावणार नव्हते.

मी भाकरी मोडली. लई वेळ हातातच धरली. कुणी घाई केली नाही. मग मी खाल्लं.